सोसायटीतलं अग्निसुरक्षा प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्या, शाळांचे शिक्षक आणि आपल्या मजल्यापुरतं काही करू पाहणारे रहिवासी यांच्यासाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांमागचा आग्रह एकच आहे. आग कशी विझवायची हे शिकवण्याआधी ती लागू कशी द्यायची नाही हे शिकवा, आणि लोकांना ते कळलं की नाही हे टाळ्यांवरून ठरवू नका, त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा.

दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्याकडे प्रात्यक्षिक होतं. तेवढं पुरत नाही का?

पुरत नाही. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागून स्फोट झाले आणि ती विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. त्या जहाजावर कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं एकाच वेळी भरलेली होती. म्हणजे घटनेचा मुख्य धडा प्रतिबंधाचा आहे: काय कशाशेजारी ठेवलं होतं? आपल्या सोसायटीत मात्र त्या आठवड्यात मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवतात, दोन उत्साही सभासद ते विझवतात, फोटो निघतात, चहा होतो. मीटर रूममधली रद्दी जिथल्या तिथे राहते.

प्रात्यक्षिक वाईट नाही. पण ते बघणाऱ्या शंभरांपैकी पाच-सहा जणांच्याच हातात आग विझवायचं यंत्र येतं, आणि घरी परतल्यावर करायचं असं काम कुणालाच मिळत नाही. वर्षातून एक मोठा कार्यक्रम घेण्यापेक्षा अर्ध्या-पाऊण तासाची तीन छोटी सत्रं घ्या: एक गणपतीच्या आधी, एक दिवाळीच्या आधी, एक मार्चमध्ये एसी सुरू होण्यापूर्वी. त्या त्या वेळी धोका डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे ऐकलेलं लगेच वापरलं जातं.

शिकवल्याने खरंच आगी कमी होतात का?

ज्ञान नक्की वाढतं. वागणं बदलतं का, हा पुढचा आणि अवघड प्रश्न. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात चिप्स तळायच्या भांड्यांना लागणाऱ्या आगींबद्दल टीव्हीवर जाहिरातींची मोहीम चालवली गेली. तेल अर्ध्याहून जास्त भरू नका, सोडून जाऊ नका, पेटलंच तर ओला टॉवेल टाका, इतकाच संदेश. मोहीम चालू असताना अशा आगींच्या नोंदी घटल्या आणि मोहीम थांबल्यावर परिणाम ओसरू लागला. त्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. संदेश एकाच ठरावीक कृतीचा असेल तर तो लागू पडतो, आणि तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. ‘आगीपासून सावध राहा’ असा फलक लावून काहीच होत नाही, कारण तो वाचून नेमकं करायचं काय हे कुणालाच कळत नाही.

फरक पडला हे सोसायटीने मोजायचं कसं?

सत्राआधी आठ प्रश्नांची एक चिठ्ठी द्या. नाव लिहायला लावू नका. प्रश्न करून दाखवता येतील असे हवेत: ‘गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाचं काय कराल?’, ‘तुमच्या सिलेंडरच्या नळीवर कोणतं वर्ष आहे?’, ‘गच्चीची चावी कुणाकडे असते?’ तीच चिठ्ठी सत्रानंतर लगेच द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा द्या. लगेचच्या गुणांवर खूश होऊ नका. तिसऱ्या महिन्याचे गुण खरे.

त्याहून भरवशाचं माप म्हणजे घरभेट. परवानगी घेऊन दहा-पंधरा घरांत जा आणि पाच गोष्टी बघा: नळीची तारीख, एक्सटेंशन बोर्डवर काय जोडलंय, मुख्य दाराची किल्ली रात्री कुठे असते, खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग आहे का, आणि दारासमोरच्या पॅसेजमध्ये काय ठेवलंय. दोष काढायला आल्यासारखं बोलू नका. ‘काकू, ही नळी बदलायला झाली, उद्या गॅसवाला आला की मागून घ्या’ एवढं म्हटलं की काम होतं. सहा महिन्यांनी त्याच घरांत पुन्हा जा. बदललेल्या नळ्या आणि मोकळे झालेले पॅसेज मोजा. प्रशिक्षणाचा निकाल तो.

कायद्याने आमच्यावर काय बंधन आहे?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार इमारतीतल्या अग्निसुरक्षा व्यवस्थेची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. म्हणजे बिल्डर निघून गेल्यावर ती सोसायटीवर येते. बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘बी’ नमुना, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. अनेक ठिकाणी हा कागद वेळेवर जातो आणि आगीच्या पाण्याचा पंप मात्र ‘मॅन्युअल’वर, म्हणजे आपोआप सुरू न होणारा, पडलेला असतो. एजन्सीचा माणूस तपासणीला येईल तेव्हा कमिटीतल्या दोघांनी त्याच्याबरोबर फिरावं, सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) उघडून पाणी बघावं आणि मगच सही करावी. प्रशिक्षणाचा यापेक्षा चांगला तास नाही.

शाळांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे २००९ मधले निर्देश आहेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून लागलेल्या आगीत ९४ मुलं गेली, त्यानंतरच्या याचिकेत ते दिले गेले. अग्निशमन साधनं ठेवणं आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचं प्रशिक्षण देणं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

एका सत्रात किती माणसं आणि किती विषय?

वीस ते पंचवीस माणसं, ४५ मिनिटं, एकच विषय. आज गॅस, पुढच्या वेळी वायरिंग, त्याच्या पुढच्या वेळी धूर आणि जिना. शेवटची पंधरा मिनिटं हातात वस्तू देऊन करून घेण्यासाठी राखा: रेग्युलेटर काढणं-लावणं, आरसीसीबीचं (शॉकपासून वाचवणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबणं, यंत्राची पिन ओढणं. एकाच दिवशी सगळं उरकायला गेलं की लोकांच्या लक्षात फक्त ‘भयंकर असतं हो’ एवढंच राहतं.

जळालेल्या माणसांचे फोटो दाखवू नका. घाबरलेला माणूस विषय मनातून काढून टाकतो, नळी बदलत नाही.

गॅसबद्दल लोक नेमकं काय चुकीचं करतात?

सर्वांत मोठी चूक म्हणजे वास आल्यावर ‘बटण बंद करायला’ धावणं. दिव्याचं बटण चालू करताना ठिणगी पडते तशी बंद करतानाही पडते. एक्झॉस्ट फॅन लावून गॅस बाहेर काढणं ही तर नेमकी उलटी कृती. क्रम असा:

१. शेगडी, समई, उदबत्ती, पेटतं असेल ते विझवा.
२. सिलेंडरवरचं रेग्युलेटर बंद करा, जमलं तर काढून पांढरी सेफ्टी कॅप घट्ट बसवा.
३. दारं-खिडक्या उघडा. विजेच्या कोणत्याही बटणाला, डोअरबेललासुद्धा, हात लावू नका. मेन स्विच घराबाहेर, वास नाही अशा जागी असेल तरच बंद करा.
४. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर आल्यावर मोबाइलवरून १९०६ ला फोन करा. एलपीजी गळतीसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

एलपीजी हवेहून जड असतो, त्यामुळे तो फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात आणि मोरीत साचतो. म्हणून सिलेंडर बंद कपाटात असेल तर कपाटाच्या दाराला तळाशी जाळी हवी. पाइपच्या गॅसचं उलट आहे. तो हलका, छताकडे जातो, त्यामुळे त्याला वरच्या बाजूला झरोका लागतो. मुंबई-पुण्यात पाइपलाइन आल्यावर अनेकांनी स्वयंपाकघराची वरची खिडकी एसीसाठी बुजवली आहे. हे सत्रात आवर्जून विचारा. पाइपच्या गॅसच्या तातडीच्या मदतीचा नंबर बिलावर छापलेला असतो. तो फ्रिजच्या दारावर लिहून चिकटवायला सांगा.

आता नळी. केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षांनी बदलायची, मग ती कितीही चांगली दिसो. ती भिंतीच्या भोकातून ओढून शेजारच्या खोलीत नेऊ नये, कारण जिथे घासते तो भाग दिसतच नाही. सिलेंडर उभाच ठेवायचा, आणि शेगडी त्याच्याहून उंचावर. गळती तपासायची ती साबणाच्या पाण्याने. बुडबुडे आले तर गळती. काडी पेटवून बघणारे अजूनही भेटतात.

सिलेंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर आतून ‘बी-२७’ असं काही रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीपर्यंत सिलेंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलेंडर दारात आला तर घ्यायचा नाही. सत्रात प्रत्येकाला घरी पाठवून पट्टी वाचून यायला सांगा. पाच मिनिटं लागतात आणि ती गोष्ट कधी विसरली जात नाही.

प्रत्येक बातमीत ‘शॉर्ट सर्किट’ असतं. घरात त्याचा अर्थ काय घ्यायचा?

हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. खरं शॉर्ट सर्किट झालं तर चांगला एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडतो. घरं पेटतात ती बहुतेक दोन वेगळ्या कारणांनी, आणि दोन्ही आधी दिसू शकतात.

पहिलं कारण ओव्हरलोड. साधा सॉकेट ६ अँपियरचा असतो. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. इंडक्शन शेगडी १८०० ते २००० वॅटची, इस्त्री साधारण १०००ची, किटली १५००ची. इस्त्री आणि किटली एकाच एक्सटेंशन बोर्डवर लावली तर ११ अँपियरच्या आसपास प्रवाह सहा अँपियरच्या तारेतून जातो. तार गरम होते, तिचं प्लॅस्टिक मऊ पडतं. गुंडाळी न सोडता वापरलेला बोर्ड तर आणखी लवकर तापतो. मग एमसीबी सारखा पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं जातं, आणि तो १६ अँपियरचा काढून ३२चा बसवतो. तार तीच राहते. आता तार जळेपर्यंत एमसीबी पडणारच नाही. एमसीबीचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो, आपल्या सोयीवरून नाही. गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, १६ किंवा २० अँपियरचा सॉकेट आणि स्वतःचा एमसीबी हवा.

दुसरं कारण सैल जोड, आणि ते जास्त फसवं. स्क्रू ढिला असेल तर त्या एका बिंदूला उष्णता साचते, पण प्रवाह वाढत नाही. म्हणून एमसीबीला काही कळतच नाही. आरसीसीबीही यात मदत करत नाही. ती जमिनीकडे गळणारा प्रवाह पकडते आणि माणसाला शॉकपासून वाचवते. सैल जोडाची लक्षणं शिकवा: प्लग हाताला गरम लागणं, सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळसर किंवा तपकिरी होणं, चरचर आवाज, दिवे लुकलुकणं, जळक्या प्लॅस्टिकचा वास. यातलं काहीही दिसलं की तो सॉकेट त्याच दिवशी वापरणं थांबवा.

इमारतीची मीटर रूम हा सगळ्यांचा सामायिक धोका. तिथे झाडू, बादल्या, जुने गणपतीचे मखर, निवडणुकीचे फलक, काहीही ठेवायचं नाही. विजेच्या डक्टमधून तारा ज्या मजल्यावरून जातात तिथली स्लॅबमधली भोकं अग्निरोधक मालाने बुजवलेली असावीत. ती उघडी राहिली तर तळमजल्यावरच्या मीटरची आग आणि धूर थेट वरच्या मजल्यांवर जातो. इंटरनेटची नवी केबल टाकणारे ती भोकं पुन्हा उघडून निघून जातात, तेव्हा केबलवाल्याच्या मागे कुणीतरी उभं राहा.

कढईतलं तेल पेटलं तर?

गॅस बंद. कढईवर तिच्याहून मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवा. तेल थंड होईपर्यंत झाकण उचलायचं नाही, निदान पंधरा-वीस मिनिटं. कढई उचलून मोरीकडे धावायचं नाही.

पाणी का नको, हे कारणासकट सांगा, नाहीतर घाईत हात नळाकडेच जातो. पाणी तेलाहून जड, ते तळाशी जातं, क्षणात वाफ होतं आणि वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असतं. ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. तेलातून धूर येऊ लागला की ते पेटण्याच्या वाटेवर आहे. ती इशाऱ्याची वेळ. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत चकली तळताना फोन आला, तर आधी गॅस बंद, मग फोन.

ई-स्कूटरची बॅटरी घरात चार्ज करावी का?

शक्यतो नको, आणि जिन्यात किंवा मुख्य दाराजवळ तर कधीच नको. लिथियम-आयन बॅटरीतली एक पेशी (सेल) बिघडून तापली की शेजारच्या पेशीही तापत जातात, ज्वलनशील वायू बाहेर पडतो आणि काही सेकंदांत ज्वाळा येतात. ती दारापाशी असेल तर बाहेर पडायची वाटच बंद होते. विझवायच्या यंत्रातल्या एबीसी पावडरने ज्वाळा दबतात, पण आतली उष्णता जात नाही, म्हणून ती पुन्हा पेटते. तिला भरपूर पाण्याने थंड करावं लागतं, आणि ते काम अग्निशमन दलाचं.

सोसायटीने पार्किंगमध्ये उघड्यावर, स्वतंत्र एमसीबीसह चार्जिंगची जागा करावी. स्कूटर चालवून आणल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी, कंपनीचाच चार्जर वापरावा, रात्रभर लावून झोपू नये. फुगलेली, पडलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी चार्ज करू नये.

लाल यंत्र वापरायला कसं शिकवावं?

आधी एक भ्रम दूर करा. चार-सहा किलोचं यंत्र साधारण पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. कचऱ्याच्या डब्याएवढी आग विझवण्यासाठी ते आहे. आग आपल्या कमरेच्या वर गेली असेल किंवा खोली धुराने भरली असेल तर यंत्र सोडून बाहेर पडायचं.

कृती चार शब्दांची: ओढा, रोखा, दाबा, फिरवा. पिन ओढा, नोझल ज्वाळांच्या बुडाशी रोखा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. दोन-तीन मीटरवर उभं राहा आणि पाठ दाराकडे ठेवा. उघड्यावर असाल तर वारा पाठीमागून हवा.

चुका ठरलेल्या आहेत. पिन न ओढताच जोर लावतात. दांडा आधीच दाबलेला असतो म्हणून पिन निघत नाही. ज्वाळेच्या टोकावर पावडर मारतात. आग विझली असं वाटून पाठ फिरवतात. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राचा भोंगा उघड्या हाताने धरतात, तो बर्फासारखा गार होऊन कातडीला इजा करतो. म्हणून प्रत्येकाच्या हातात यंत्र द्यायलाच हवं. खर्चाची अडचण असेल तर सोपा मार्ग आहे: रिफिलिंगला जाणारी यंत्रं पाठवायच्या आधी सरावासाठी वापरा. आणि एकदा अर्धा सेकंद जरी वापरलं, तरी ते पुन्हा भिंतीवर टांगायचं नाही. झडपेत पावडर अडकते आणि दाब हळूहळू निघून जातो.

महिन्यातून एकदा वॉचमनने काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नोझलमध्ये कोळ्याचं जाळं नाही ना, हे बघून कार्डावर सही करावी.

धूर भरला तर खाली जायचं, वर जायचं की घरातच थांबायचं?

माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात, हे आधी मनावर ठसवा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिल्समधल्या रूफटॉप रेस्टॉरंटच्या आगीत १४ जण गेले. त्यांतले अनेक शौचालयात आसरा घेऊन गुदमरले. बाहेरची वाट माहीत नसली की माणूस बंद जागेत शिरतो.

दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते चाचपा. गार असेल आणि जिन्यात धूर नसेल तर खाली उतरा, घराचं दार ओढून घ्या पण कुलूप लावू नका. उघडं राहिलेलं दार म्हणजे पॅसेज आणि जिना धुराने भरायची सोय. धूर आलाच तर गुडघ्यांवर, तोंडाला ओलं फडकं लावून, भिंतीला हात लावत चला. लिफ्ट वापरायची नाही: वीज गेली की ती मधेच अडकते, आणि तिचा शाफ्ट धुराची नळकांडी होतो.

दार गरम असेल किंवा जिना धुराने भरला असेल तर घरातच थांबा. फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खोलीत जा, मधली सगळी दारं बंद करा, खिडकीतून रंगीत कपडा हलवा, फोनवर मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. गच्चीकडे धावणं ही सहसा चूक, कारण धूर वर चढतो आणि गच्चीच्या दाराला बहुतेक वेळा कुलूप असतं. बऱ्याच उंच इमारतींत रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी आसरा घ्यायची राखीव जागा, असतो; तो नेमक्या कोणत्या मजल्यावर आहे, हे सत्रात विचारून बघा. लहान मुलांच्या सायकली आणि कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या तिथे निघतील.

मॉक ड्रिल कसं घ्यायचं?

राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांतून एकदा ड्रिल सांगितलं आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता, सगळे कपडे करून तयार असताना घेतलेलं ड्रिल फसवं असतं. एक तरी कामाच्या दिवशी संध्याकाळी घ्या. तारीख जाहीर करा, वेळ नको. हृदयविकार असलेले आणि आजारी रहिवासी यांना मात्र आधी कल्पना द्या.

घड्याळ लावून नोंदी ठेवा: गजर वाजल्यापासून पहिलं घर जिन्यात यायला किती वेळ, शेवटचं माणूस जमायच्या जागी यायला किती वेळ, किती दारं उघडी राहिली, १०१ ला फोन करायचा हे कुणाच्या लक्षात आलं, कोण लिफ्टकडे गेलं. सहसा लक्षात येतं ते असं: अनेकांना गजराचा आवाज कारचा वाटतो, होज बॉक्समध्ये (पाण्याच्या पाइपच्या पेटीत) नोझल नसतो, आणि गेटसमोर लावलेल्या गाडीचा मालक सापडत नाही. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीला निदान सहा मीटर मोकळा रस्ता लागतो, तो टेपने मोजा.

लहान मुलांना काय सांगावं?

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना तीन गोष्टी पुरतात. काडीपेटी दिसली तर मोठ्यांना आणून द्यायची. कपडे पेटले तर थांबायचं, झोपायचं, तोंड झाकून लोळायचं, पळायचं नाही. आणि आग लागली तर लपायचं नाही. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. घाबरलेली मुलं पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे लपतात आणि हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, विशेषतः काडी त्यांनीच ओढली असेल तर. ‘रागावणार नाही, बाहेर ये’ हे घरच्यांनी आधीच सांगून ठेवावं. श्वसनसंच लावलेला जवान मुलांना राक्षसासारखा वाटू शकतो; शक्य असेल तर दलाच्या माणसाला वर्गात मुलांसमोरच मास्क चढवायला सांगा.

पाचवी ते आठवीच्या मुलांना घराचा नकाशा काढून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवायला द्या, खाली आईवडिलांची सही. मुलाने ‘बाबा, आपल्या ग्रिलला उघडणारा भागच नाहीये’ असं म्हटलं की कमिटीच्या चार नोटिशींनी न झालेलं काम होतं.

वॉचमन, घरकामाच्या मावशी आणि एकटे राहणारे आजी-आजोबा सत्राला येत नाहीत. मग?

सत्र त्यांच्या वेळेला न्या. दिवसभर घरात गॅस कोण लावतं? बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या मावशी. त्यांच्यासाठी दुपारी दीड-दोन वाजता, जिन्याखाली, वीस मिनिटांचं सत्र ठेवा आणि तो वेळ पगारी धरा. वॉचमन बाहेरगावचे, अनेकदा हिंदी किंवा नेपाळी बोलणारे. त्यांना त्यांच्या भाषेत, पंप ‘ऑटो’वर कसा ठेवायचा, मेन कुठला, गच्चीची चावी कुठे, हे रात्रपाळीसकट प्रत्येकाकडून करून घ्या. माणूस बदलला की पुन्हा.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या रहिवाशांची मजलावार यादी गेटवर असावी आणि प्रत्येकासाठी त्याच मजल्यावरची दोन माणसं नेमलेली असावीत. एकट्या माणसाला उचलता येत नसेल तर चादरीवर घेऊन ओढत न्यायचा सराव एकदा करून घ्या.

१०१ ला फोन केल्यावर काय बोलायचं?

पत्ता आणि जवळची खूण आधी, मग काय जळतंय, कितवा मजला, कुणी अडकलंय का, शेवटी तुमचा नंबर. समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवू नका. ११२ हाही चालतो. मोबाइलवरून लागलेला फोन आपल्याच केंद्रात पडेल असं गृहीत न धरता जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही साठवा. एक माणूस नाक्यावर उभा करा. आधी आपण विझवून बघू, मग फोन करू, हा विचार सर्वांत जास्त वेळ खातो.

भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ?

काहीही नाही. वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, स्वच्छ सुती कापडाने सैल झाका, १०८ ला फोन करा. फोड फोडू नका.

देव्हाऱ्यातली समई, मखर, आकाशकंदील?

समई तेवत ठेवून घराबाहेर जाऊ नका आणि तिच्यावर फूटभर तरी पडदा, कापडी तोरण किंवा लाकडी फळी नको. मखराच्या दिव्यांच्या माळा रात्री बंद. निरांजन जवळ ठेवलं असेल तर साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्यायची, त्यातही सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. गॅलरीत येणारा रॉकेट पहिल्यांदा वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतो, तेव्हा दिवाळीच्या चार रात्री दोऱ्या रिकाम्या ठेवा.

गावाकडे हेच कसं लागू करायचं?

तिथे सिलेंडरइतकीच कडब्याची गंजी, गोठ्यातली लोंबती वायर आणि वणवा महत्त्वाचा. गंजी घरापासून आणि विजेच्या तारांखालून लांब रचा. कोकणात राब भाजताना (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना) किंवा इतरत्र उसाचं पाचट पेटवताना आग हातातून निसटते ती बहुतेक दुपारच्या वाऱ्यात. भाजणी करायचीच असेल तर पहाटे, कडेने गवत काढून जाळरेषा मारून, पाण्याचं पिंप आणि हिरव्या फांद्या हाताशी ठेवून. पाचट न जाळता शेतातच कुजवणं अधिक चांगलं, जमिनीलाही. अग्निशमन गाडी तालुक्याहून यायला वेळ लागतो, म्हणून ग्रामपंचायतीच्या टँकरच्या चालकाचा आणि ज्यांच्याकडे फवारणीचा ब्लोअर आहे अशा शेतकऱ्यांचे नंबर चावडीवर लिहिलेले असावेत.

लोक सत्राला येतच नाहीत. काय करावं?

सत्र वार्षिक सभेला जोडू नका. तिथे पार्किंगचं भांडण आधी होतं. मजल्यावर जा, पॅसेजमध्ये चार घरांना बोलवा, साबणाचं पाणी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन. पहिल्या घरात गळती किंवा जळका सॉकेट सापडला की उरलेली तिन्ही घरं स्वतःहून म्हणतात, आमच्याकडेही बघून जा.